नळाला जोडलेली कॉइल

बिअर करताना काढा उकळणे सोपे, तो निववणे अवघड. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, म्हणजे माल्टच्या, गोड काढ्याला ब्रुअर वर्ट म्हणतात. हॉप्सच्या फुलांबरोबर तासभर खळखळून उकळला की तो निर्जंतुक होतो, पण त्याची बिअर व्हायला यीस्ट लागते आणि उकळत्या काढ्यात यीस्ट जगत नाही. एल जातीच्या बिअरसाठी काढा १८ ते २२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरावा लागतो, लागरसाठी १० अंशांच्या आसपास. हा उतार रेंगाळला तर खोड्या सुरू होतात. काढा कोमट झाला की हवेतले जिवाणू यीस्टच्या आधी त्यात मुक्काम ठोकतात. माल्टमधल्या एका घटकापासून गरम काढ्यात डायमिथाइल सल्फाइड तयार होत राहते आणि बिअरला शिजलेल्या मक्याचा वास येतो. हॉप्सचा कडवटपणाही ठरवल्यापेक्षा वाढतो. उलट काढा झटकन थंड झाला तर त्यातली प्रथिने गुठळ्या होऊन तळाशी बसतात आणि बिअर नितळ होते.

अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या घरगुती ब्रुअरने यावर काढलेला तोडगा म्हणजे तांब्याच्या नळीची घरीच वळलेली कॉइल. ती काढ्यात बुडवायची, एक टोक नळाला जोडायचे, दुसरे मोरीत सोडायचे. या साधनात नवे असे काहीच नाही. वेटोळे दारूच्या भट्टीतले, नळ शहराच्या पाणीपुरवठ्यातला आणि नळाशी जोडणारे अमेरिकी आटे अग्निशामक बंबांच्या घराण्यातले. या तिन्ही गोष्टी एका पातेल्यापाशी यायला मात्र विसावे शतक उतरणीला लागावे लागले.

त्याआधी कित्येक शतके काढा वाऱ्यावरच निवत असे. युरोपातल्या ब्रुअऱ्यांत त्यासाठी परातीसारखे उथळ आणि ऐसपैस भांडे असे. त्याला इंग्रजीत कूलशिप, फ्लेमिशमध्ये कूलस्खिप म्हणतात. ते बहुधा माळ्यावर बसवलेले असे आणि भोवतीच्या भिंतींना झडपा असत. उकळता काढा त्यात काही इंचांच्या थरात पसरायचा, झडपा उघडायच्या आणि रात्रभर थांबायचे. रात्र थंड असेल तर सकाळी काम होई. नसेल तर काढा कोमटच राही आणि आंबून जाई. बव्हेरियात १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याच्या राजवटीत २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायलाच बंदी घालण्यात आली. ती प्रामुख्याने उन्हाळ्यात बिघडणाऱ्या बिअरला आळा घालण्यासाठी होती. ब्रुअर वर्षभराची बिअर हिवाळ्यात करून ठेवू लागले, ती तळघरात बर्फाच्या गारव्यात मुरू लागली आणि लागरची परंपरा पक्की झाली.

ही पद्धत अजून पुरती संपलेली नाही. ब्रसेल्समधल्या कांतियाँ ब्रुअरीत माळ्यावरचे तांब्याचे भांडे आजही वापरात आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तिथे काढा रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले जंगली यीस्ट आपणहून त्यात पडते. लांबिक ही आंबट बिअर त्यातूनच होते. इतर ब्रुअर ज्या संसर्गाला घाबरतात, त्यावरच तिची चव उभी आहे. मात्र उन्हाळ्यात कांतियाँलाही भट्टी बंद ठेवावी लागते.

ऋतूचा हा जाच कमी करायचा तर आधी तापमान मोजता यायला हवे होते. लंडनच्या मायकेल कॉम्ब्रून या ब्रुअरने १७५८ साली आपल्या निबंधात थर्मामीटरचा हिशेब ब्रुअरांपुढे मांडला. तोवर काढा निवाला की नाही हे हाताच्या अंदाजानेच ठरत असे. पुढच्या शतकात काढ्याच्या शेजारून थंड पाणी खेळवणाऱ्या नळ्या आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये झाँ-लुई बोदलो याचा कूलर निघाला. आडव्या नळ्यांची एकावर एक रचलेली जाळी, नळ्यांच्या आत थंड पाणी आणि वरून पातळ पडद्यासारखा ओघळत खाली येणारा काढा, अशी त्याची रचना. रात्रभराचे काम काही मिनिटांवर आले. दूध थंड करायलाही पुढे हीच जाळी वापरली गेली.

लुई पाश्चरने या घाईला शास्त्रीय कारण दिले. १८७१ साली लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत जाऊन त्याने तिथले यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात नको ते जीव असल्याचे मालकांना दाखवले. बिअरवरचा त्याचा ग्रंथ १८७६ साली आला. बिअर बिघडते ती बाहेरून शिरलेल्या सूक्ष्मजीवांमुळे, हे त्यात सप्रमाण मांडलेले आहे. त्याच्या दृष्टीने गार वाऱ्याची झुळूकच संशयित होती. काढा बंद भांड्यात ठेवून भांड्यावर बाहेरून पाणी शिंपडत थंड करण्याच्या रीतीचे पेटंट त्याने अमेरिकेत घेतले होते. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने यीस्टचे शुद्ध वाण वेगळे केले. इतके निवडून जोपासलेले यीस्ट उघड्या भांड्यातल्या काढ्यात घालणे कुणालाच परवडणारे नव्हते. त्याआधीच्या दशकातच म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या आधाराने कार्ल फोन लिंडेने शीतयंत्र चालवून दाखवले आणि मोठ्या ब्रुअरीची हिवाळ्याची गरजच संपली. १९२३ साली रिचर्ड सेलिग्मन यांच्या लंडनच्या कंपनीने दुधासाठी पत्र्यांचा उष्णताविनिमयक काढला. एका पत्र्याआड गरम द्रव आणि दुसऱ्याआड थंड, असे पातळ पत्र्यांचे थर त्यात असतात. कारखान्यांतून आज बहुतेक हेच यंत्र दिसते.

घरगुती ब्रुअरला मात्र यातले काहीच झेपण्यासारखे नव्हते. त्याने उचलले ते त्याहून कितीतरी जुने साधन, भट्टीतले वेटोळे. दारू गाळताना गरम वाफ तांब्याच्या नागमोडी नळीतून नेतात आणि ती नळी पाण्याच्या पिंपात बुडालेली असते. स्कॉटलंडच्या काही व्हिस्की भट्ट्यांत अशी पिंपे अजून वापरात आहेत. गोव्यातल्या काजूच्या भट्टीवरही पुढे हेच वेटोळे आले. पूर्वी भाणातून, म्हणजे उकळत्या भांड्यातून, येणारी वाफ एका मडक्यात जिरवत आणि त्या मडक्यावर सतत गार पाणी ओतत. पाणी ओतणाऱ्याचा हात थांबला की हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, वाया जाई. आता बहुतेक भट्ट्यांवर मडक्याच्या जागी पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची कॉइल असते. घरगुती ब्रुअरने फक्त आतबाहेर अदलाबदल केली. भट्टीत गरम वाफ नळीच्या आत आणि थंड पाणी बाहेर. त्याच्या पातेल्यात थंड पाणी नळीच्या आत आणि गरम काढा बाहेर. टाकीतले साठलेले पाणी इथे चालत नाही. नळीतून पाणी जोराने वाहते राहायला हवे. म्हणून ही कॉइल दाबाच्या नळाशिवाय निरुपयोगी आहे.

असा नळही फार जुना नाही. फिरवून उघडायची जुनी चावी दाबाखाली गळत असे. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ साली आट्यावर वर-खाली होणाऱ्या वॉशरच्या नळाचे पेटंट घेतले आणि घरात चोवीस तास दाबाचे पाणी खेळवणे शक्य झाले. लंडनच्या बऱ्याच भागांत सततचा पुरवठा यायला त्यानंतरही कित्येक दशके गेली.

नळ आला, तांब्याची नळी आली, तरी घरी बिअर करणे कायद्याला मंजूर नव्हते. ब्रिटनमध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या १८८० च्या कायद्याने घरगुती ब्रुअरलाही परवाना लावला. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ही अट काढून टाकली. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअरला मिळाली नाही. ही विसंगती पंचेचाळीस वर्षे टिकली. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीसह आलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर विक्रीसाठी नव्हे अशा अटीवर करता येऊ लागली. राज्यांना आपापले निर्बंध ठेवण्याची मुभा होती. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ साली राजी झाली. कार्टर यांच्या सहीनंतर दोन महिन्यांच्या आतच कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पपाझियन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन स्थापन केली. पपाझियन यांचे घरगुती ब्रुइंगवरचे पुस्तक १९८४ साली आले आणि घरोघरी गेले.

सुरुवातीच्या काळात अशा कॉइलची, म्हणजे चिलरची, गरज कुणाला फारशी भासली नाही. बहुतेक जण डब्यातला दाट माल्ट-अर्क आणून आठ-दहा लिटर पाण्यात उकळत आणि त्यात थंड पाणी घालून पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची भरती करत. पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवले की पुरे. धान्यापासून काढा काढणारे वाढले तसा हा सोपा मार्ग बंद झाला. तिथे सगळाच्या सगळा घाणा उकळावा लागतो, वरून ओतायला थंड पाणी उरत नाही आणि १९ लिटरचे उकळते पातेले उचलून बाथटबमध्ये ठेवणे म्हणजे पाय भाजून घेणे.

मग हार्डवेअरच्या दुकानातली मऊ तांब्याची नळी कामी आली. ती फ्रिज आणि गॅसच्या जोडणीसाठी गुंडाळीतच विकली जात असे. बाहेरचा व्यास तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, आणि लांबी २५ किंवा ५० फूट, हे माप रूढ झाले. स्टेनलेस स्टीलपेक्षा तांबे उष्णता जवळजवळ पंचवीसपट वेगाने वाहून नेते आणि हाताने वाकते. गुंडाळी रंगाच्या डब्याभोवती किंवा सोड्याच्या जुन्या पिंपाभोवती वळत न्यायची. घाई केली तर नळी मुडपते आणि तिथे पाणी अडते, म्हणून अरुंद वळणावर बाहेरून स्प्रिंग चढवतात किंवा आत बारीक मीठ भरून मग वाकवतात.

सगळ्यात महत्त्वाचे वळण शेवटचे. दोन्ही टोके पातेल्याच्या काठावरून बाहेर काढून खाली वळवावी लागतात. रबरी नळीची जोडणी काठाच्या आत राहिली तर गळणारा प्रत्येक थेंब निर्जंतुक काढ्यात पडतो. घरी केलेल्या चिलरची पारख इथेच होते. वेटोळी सुबक आहेत की नाहीत याला फारसे महत्त्व नाही. वापरताना कॉइल धुऊन उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत काढ्यात सोडतात, म्हणजे ती आपोआप निर्जंतुक होते. काढा किंचित आम्ल असल्यामुळे काळवंडलेले तांबे चिंच लावल्यासारखे लखलखीत होऊन बाहेर येते. मग आच बंद करून नळ हळूहळू उघडायचा. पहिल्या मिनिटाला बाहेर येणारे पाणी हात पोळण्याइतके गरम असते आणि त्याने प्लास्टिकची नळी मऊ पडते, म्हणून दुसरे टोक मोरीत बांधून ठेवावे लागते. पातेले नुसते ठेवले तर वेटोळ्यालगतचा काढा थंड होतो आणि मधला गरमच राहतो. अधूनमधून ढवळले तर अर्ध्या तासात काम उरकते.

नळाशी जोडणी हा मात्र स्वतंत्र विषय आहे. अमेरिकेत बागेच्या नळाला पाऊण इंची होज पाइपचे आटे असतात, इंचाला साडेअकरा. घरातल्या पाइपाला त्याच नावाच्या मापात इंचाला चौदा आटे असतात. दुकानात दोन्हींवर पाऊण इंच लिहिलेले असते आणि दोन्ही एकमेकांत एखादा फेरा बसल्यासारखी वाटतात. जोर लावला तर पितळेचे आटे मरतात. या वेगळेपणामागे आगीचा इतिहास आहे. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोर शहरात लागलेली आग दुसऱ्या दिवशीपर्यंत जळत राहिली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून बंब धावले, पण कित्येकांच्या नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे निराळे. पंधराशेवर इमारती खाक झाल्या. नंतरच्या पाहणीत देशभरात अग्निशामक नळ्यांच्या जोडांचे सहाशेहून जास्त प्रकार आढळले. १९०५ साली अग्निसंरक्षण संघटनेने अडीच इंची नळीसाठी इंचाला साडेसात आट्यांचे प्रमाण ठरवले. बागेच्या नळीचे आटेही याच नॅशनल होज नावाच्या घराण्यातले आहेत. ते सरळ असतात, पाइपासारखे निमुळते नसतात. पाणी अडवण्याचे काम आतला रबरी वॉशर करतो आणि आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी कितीही गुंडाळली तरी वॉशर नसेल तर गळती थांबत नाही.

स्वयंपाकघरातल्या नळाला होज पाइपचे आटे नसतातच. तिथे तोंडाची जाळी उघडून तिच्या बारीक आट्यांवर अडॅप्टर बसवावा लागतो. ब्रिटनमध्ये आणि भारतात पाइपाचे आटे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेल्या पद्धतीवर बेतलेले आहेत. त्यामुळे अमेरिकेतून आणलेला तयार चिलर पुण्यातल्या नळाला थेट बसत नाही. युरोपात गार्डेना या कंपनीने १९६८ साली काढलेल्या आणि मग सर्वत्र पसरलेल्या खटकेवाल्या जोडांनी हा प्रश्न बराच सोपा केला. रबरी नळी तांब्यावर घट्ट धरायला स्क्रूची क्लिप वापरतात. ती लम्ली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १९२१ साली पेटंट केलेली. दुसरी एक खबरदारी नळाच्या बाजूची: घरातल्या पाण्याचा दाब अचानक पडला तर नळीतले पाणी उलटे शोषले जाऊ नये म्हणून बागेच्या नळावर एकमार्गी झडप बसवतात. दुसरे टोक घाण पाण्याच्या बादलीत बुडालेले असेल तर तिचे महत्त्व लगेच कळते.

यानंतर उरतो पाण्याचा हिशेब. १९ लिटर काढा शंभरावरून वीस अंशांवर आणायचा तर साधारण १,५०० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. नळाचे पाणी कॉइलमधून वीस अंशांनी तापून बाहेर पडले तर त्याला पाऊणशे लिटर पाणी लागेल; शेवटी शेवटी पाणी जेमतेम कोमट होते, त्यामुळे खरा खर्च याहून जास्तच. शिवाय नळाचे पाणी जितके थंड त्याखाली काढा उतरूच शकत नाही. टेक्सास किंवा फ्लोरिडातल्या ब्रुअरला उन्हाळ्यात हे चांगलेच जाणवते. तो बर्फाच्या बादलीत दुसरी कॉइल ठेवून पाणी आधी गार करतो. गच्चीवरच्या टाकीतले एप्रिलमधले पाणी या कामाला किती निरुपयोगी ठरेल, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. अर्थात महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करताच येत नाही. इथला काढा परवाना असलेल्या मायक्रोब्रुअऱ्यांतच निवतो.

ऑस्ट्रेलियात दीर्घ दुष्काळाच्या वर्षांत बऱ्याच घरगुती ब्रुअरांनी कॉइलला रजा दिली. उकळता काढा जाड प्लास्टिकच्या चौकोनी कॅनमध्ये काठोकाठ भरायचा, झाकण लावायचे, कॅन आडवा करून उष्णता सगळीकडे पोचवायची आणि दुसऱ्या दिवशी यीस्ट घालायचे. पाणी शून्य. हॉप्सचे गणित मात्र बदलावे लागते, कारण कॅनमध्येही कडवटपणा वाढत राहतो. सुरुवातीला सांगितलेल्या दोषांची भीती धरली तर ही पद्धत फसायला हवी होती, पण तिने केलेली बिअर चांगली होते, हे तिथल्या अनुभवाने दाखवून दिले आहे. तेव्हा घाईने थंड करण्याचा नियम पुस्तकांत लिहितात तेवढा कडक नाही.

कारखान्यात पत्र्यांच्या यंत्रातून तापून निघालेले पाणी टाकीत साठवून पुढच्या घाण्याला वापरतात. घरच्या कॉइलचे पाणी बहुधा वाहून जाते. ज्यांना परवानगी आहे आणि नळाला पाणीही आहे, त्यांनी निदान पहिले कढत पाणी बादल्यांत धरून भांडी धुवायला ठेवावे आणि नंतरचे कोमट पाणी निवल्यावर झाडांना घालावे.